अटकेच्या पार काय आहे? खैबर पख्तुनख्वाचा नकाशा वाचताना

‘अटकेपार झेंडे लावले’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. १७५८ साली राघोबादादांच्या मोहिमेत मराठी फौजा सिंधूकाठच्या अटकेपर्यंत पोचल्या, तेव्हापासून हा वाक्प्रचार आपल्या तोंडी बसला. पण अटकेच्या पार नेमकं आहे काय, असं विचारलं तर ‘पठाण’ आणि ‘खैबर खिंड’ या दोन शब्दांपुढे फारसं कुणी जात नाही. अटकेचा किल्ला सिंधूच्या पूर्व काठावर, आजच्या पाकिस्तानातल्या पंजाबात आहे. नदी ओलांडून समोरच्या काठाला लागलं की खैबर पख्तुनख्वा प्रांत सुरू होतो. आपल्या जुन्या शाळेच्या पुस्तकांत यालाच वायव्य सरहद्द प्रांत म्हणायचे.

क्षेत्रफळ १,०१,७४१ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. २०२३ च्या जनगणनेत लोकसंख्या ४ कोटी ८ लाखांच्या आसपास. ७ विभाग आणि ३५ हून अधिक जिल्हे. पण ही जिल्ह्यांची यादी पाठ करून हाती काही लागत नाही. बाजौर, बुनेर, बट्टग्राम, बन्नू... चार नावांनंतर डोकं गरगरतं. मला हा प्रांत समजायला लागला तो दोन प्रश्न धरून नकाशा पाहिला तेव्हा. पाणी कुठून कुठं जातं? आणि जमिनीचा सारा कुठपर्यंत ठरवला गेला होता?

आधी पाणी. प्रांताच्या अगदी वरच्या टोकाला चित्राल आहे. अफगाणिस्तानची वाखानची चिंचोळी पट्टी त्याच्या डोक्यावर, आणि हिंदुकुशातलं सर्वांत उंच शिखर तिरिच मीर (७,७०८ मीटर) त्याच्या हद्दीत. इथल्या हिमनद्यांतून यारखून नदी निघते. थोडं खाली आली की ती मस्तूज होते, आणखी खाली चित्राल. मग ती सरहद्द ओलांडून अफगाणिस्तानात शिरते, तिथं तिला कुनार म्हणतात. जलालाबादजवळ ती काबूल नदीला मिळते आणि काबूलच्या नावानं पुन्हा पाकिस्तानात परतते. मोहमंदच्या डोंगरांतून वारसक धरणाशी उतरते, पेशावरच्या मैदानात पसरते, चारसद्द्याजवळ स्वात नदीला पोटात घेते आणि शेवटी अटकेपाशी सिंधूत जाऊन पडते. अटकेच्या पुलावरून पाहिलं तर दोन्ही पाणी काही अंतर शेजारीशेजारी वाहतात: काबूलचं गढूळ, सिंधूचं निळसर.

चित्रालचं पाणी ज्या वाटेनं खाली जातं ती वाट परदेशातून जाते. आपल्याच प्रांताच्या राजधानीकडे यायचं तर चित्रालच्या माणसाला ३,११८ मीटर उंचीची लोवारी खिंड चढावी लागे, आणि हिवाळ्यात ती बर्फानं बंद. मग अनेक वर्षं लोक अफगाणिस्तानच्या कुनारमधून वळसा घालून यायचे. २०१७ साली लोवारीचा बोगदा खुला झाला आणि बाराही महिने जाता येण्याजोगा रस्ता चित्रालला पहिल्यांदा मिळाला. पुढच्याच वर्षी चित्रालचे वरचा आणि खालचा असे दोन जिल्हे केले. दोन्ही मिळून प्रांताची सातव्या हिश्श्याएवढी जमीन, आणि माणसं मात्र जेमतेम ५ लाख. एकट्या पेशावर जिल्ह्यात ४७ लाखांवर लोक राहतात. आणखी एक गोष्ट: चित्रालची भाषा पश्तूनांची, म्हणजे पठाणांची, पश्तो नाही, खोवार आहे. बुंबुरेत, रुंबुर आणि बिरीर या तीन दऱ्यांत कलाश लोक आपला जुना धर्म आणि भाषा धरून आजही राहतात.

आता दुसरा प्रश्न, जमिनीचा. आपल्याकडे ‘बंदोबस्त’ म्हटलं की डोळ्यांपुढे पोलीस येतात. उत्तरेकडच्या महसुली भाषेत बंदोबस्त म्हणजे जमीन मोजणं, कुणाच्या नावावर किती आहे ते लिहिणं आणि त्यावर सारा ठरवणं. आपण ज्याला जमाबंदी म्हणतो ते. १८४९ मध्ये इंग्रजांनी शिखांचं राज्य घेतलं, तेव्हा पेशावर, कोहाट, बन्नू, डेरा इस्माईल खान आणि हजारा हा मुलूखही त्यांच्या हाती आला. तिथं त्यांनी असा बंदोबस्त केला. पटवारी नेमले, तहसिली बांधल्या, कोर्टं आणली. हे झाले ‘बंदोबस्ती’ जिल्हे. पश्चिमेच्या डोंगरांत मात्र ते गेले नाहीत. पिकाऊ जमीन थोडी, माणसं बंदूकधारी आणि स्वतंत्र वृत्तीची, आणि हाती येणाऱ्या साऱ्यापेक्षा फौजेचा खर्च जास्त. म्हणून त्या पट्ट्याला लोक म्हणू लागले ‘इलाका गैर’. आपला नसलेला मुलूख.

इथं दोन रेषा आहेत हे लक्षात घ्यायला हवं, कारण बहुतेकांचा घोटाळा इथंच होतो. १८९३ साली इंग्रजांतर्फे मॉर्टिमर ड्युरँड आणि अफगाणिस्तानचे अमीर अब्दुर रहमान यांच्यात करार झाला आणि ड्युरँड रेषा ठरली; ती आंतरराष्ट्रीय सरहद्द. पण इंग्रजांचा कायदा त्या रेषेपर्यंत पोचतच नव्हता. तो डोंगराच्या पायथ्याशी, बंदोबस्ती जिल्ह्यांच्या हद्दीवर थांबायचा. या दोन रेषांच्या मधला जो उभा पट्टा, तो म्हणजे टोळ्यांचा प्रदेश. १९०१ मध्ये लॉर्ड कर्झननं पंजाबातून तोडून वेगळा प्रांत केला तेव्हा हा दुहेरी आकार तसाच ठेवला, आणि त्याच वर्षी पट्ट्यासाठी एक वेगळा कायदा पक्का केला: फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन.

हा कायदा जवळून पाहण्यासारखा आहे. पट्ट्याचे ‘एजन्सी’ नावाचे भाग पाडलेले होते आणि प्रत्येक एजन्सीवर एक पोलिटिकल एजंट असे. प्रशासन त्याचं, न्यायनिवाडाही त्याच्याच हातात. टोळीच्या प्रमुख मलिकांना तो ‘मुवाजिब’ नावाचा भत्ता द्यायचा आणि त्या बदल्यात रस्ता शांत ठेवायची जबाबदारी त्यांच्यावर टाकायचा. कुणी गुन्हा करून पळाला तर त्याच्या भाऊबंदांना धरता येई, घरं पाडता येत, सगळ्या टोळीचा व्यापार बंद करता येई. सामूहिक जबाबदारी म्हणजे हे. लोक या कायद्याचं वर्णन तीन शब्दांत करायचे: ना अपील, ना वकील, ना दलील. १९४७ मध्ये इंग्रज गेले, पण कायदा राहिला. प्रौढ मताधिकार तिथं १९९७ च्या निवडणुकीत पहिल्यांदा आला. तोवर मत द्यायचे ते मलिक. राजकीय पक्षांना उघडपणे काम करायची मुभा मिळायला २०११ उजाडलं.

दर्रा आदमखेलकडे बघा. पेशावर बंदोबस्ती जिल्हा, कोहाटही बंदोबस्ती जिल्हा, पण मधला डोंगर आफ्रिदी टोळीचा, म्हणजे गैर. पेशावरहून कोहाटला निघालेल्या मोटारीला एका कायद्यातून निघून दुसऱ्यात शिरावं लागे आणि थोड्या वेळात पुन्हा पहिल्यात. पक्की सडक आणि तिच्या कडेची थोडी जागा एवढाच सरकारचा अंमल, बाकी डोंगर टोळीचा, असं तिथं सांगितलं जायचं. हातानं बंदुका बनवणाऱ्या दुकानांसाठी दर्रा जगभर गाजला तो यामुळेच. पेशावर, कोहाट, बन्नू, लक्की, टांक आणि डेरा इस्माईल खान या ६ जिल्ह्यांना लागून अशा ६ मधल्या पट्ट्या होत्या, त्यांना फ्रंटियर रीजन म्हणत. त्यांच्या आत, सरहद्दीकडे, ७ एजन्सी: बाजौर, मोहमंद, खैबर, ओरकझाई, कुर्रम, उत्तर वझिरिस्तान आणि दक्षिण वझिरिस्तान.

बातम्यांत अनेक वर्षं ज्याला ‘फाटा’ (फेडरली अॅडमिनिस्टर्ड ट्रायबल एरियाज) म्हणत, ते या ७ आणि ६ चं मिळून. कागदावर हा भाग प्रांतात नव्हताच, थेट इस्लामाबादच्या अखत्यारीत होता. मे २०१८ मध्ये पाकिस्तानच्या राज्यघटनेची २५ वी दुरुस्ती झाली, ३१ मे रोजी राष्ट्रपतींची सही झाली आणि हा पट्टा खैबर पख्तुनख्वात विलीन झाला. एजन्सींचे जिल्हे झाले, पोलिटिकल एजंटचा डेप्युटी कमिशनर झाला, फ्रंटियर रीजन शेजारच्या जिल्ह्यांच्या पोटात गेले. दर्रा आता कोहाट जिल्ह्यात आहे. जुलै २०१९ मध्ये इथल्या लोकांनी प्रांताच्या विधानसभेसाठी पहिल्यांदा मतदान केलं. सरकारी कागदांत या जिल्ह्यांना आजही ‘जम शुदा अझला’, म्हणजे विलीन जिल्हे, असं वेगळं नाव आहे.

या सगळ्याच्या उत्तरेला एक तिसरा प्रकार आहे, तो संस्थानांचा. स्वात, दीर आणि चित्राल ही १९६९ पर्यंत संस्थानं होती. स्वातच्या शेवटच्या वालींनी, म्हणजे संस्थानिकांनी, मियांगुल जहानझेब यांनी, शाळा, दवाखाने, रस्ते बांधले. त्यांच्या नावाचं कॉलेज सैदू शरीफमध्ये १९५२ साली सुरू झालं. वालींच्या काळात जमिनीच्या खटल्याचा निकाल झटपट लागायचा. संस्थान गेल्यावर लोक कोर्टाच्या तारखांत अडकले, आणि ‘आम्हाला जलद न्याय हवा’ या साध्या मागणीवर पुढे १९९० च्या दशकात शरीयतच्या चळवळीनं जोर धरला. २००९ मध्ये लष्कर आणि तालिबानच्या लढाईत स्वात आणि आसपासच्या भागातून २० लाखांच्या घरात लोक घरदार सोडून निघाले, त्यामागे इतर बरंच काही होतं, पण हा धागाही होता. आज स्वात, बुनेर, शांगला, दीर, चित्राल, मलाकंद आणि बाजौर हा भाग मिळून मलाकंद विभाग होतो.

मलाकंदच्या डोंगराखाली एक बोगदा आहे, पाण्याचा. १९१४ साली अप्पर स्वात कालवा सुरू झाला, तो डोंगर फोडून स्वात नदीचं पाणी पलीकडच्या मर्दानच्या मैदानात उतरवण्यासाठी. खालचा स्वात कालवा त्याआधीच, १८८५ मध्ये झाला होता. पेशावर, चारसद्दा, नौशेरा, मर्दान आणि स्वाबी हे मैदान ऊस, तंबाखू, मका आणि फळबागांचं झालं ते या पाण्यावर. चारसद्द्याचा गूळ नावाजलेला आहे. जिथं पाटाचं पाणी पोचलं तिथं मोजणी पोचली, मोजणी पोचली तिथं पटवारी, कोर्ट, शाळा, रेल्वे. डोंगराच्या वर यातलं काहीच चढलं नाही. टोळ्यांचा स्वभाव, टोळ्यांचा स्वभाव असं जे सतत लिहिलं जातं, त्यातला किती भाग स्वभावाचा आणि किती भाग शंभर वर्षं कोर्ट न मिळाल्याचा, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

आपल्याला या मैदानाची ओळख दुसऱ्या वाटेनं आहेच. व्याकरणकार पाणिनी ज्या शलातुर गावचे मानले जातात ते आजच्या स्वाबी जिल्ह्यात येतं. मर्दानजवळ शाहबाजगढीला अशोकाचे खरोष्ठी लिपीतले शिलालेख आहेत. चारसद्दा म्हणजे प्राचीन पुष्कलावती, आणि सरहद्द गांधी खान अब्दुल गफारखान त्याच तालुक्यातल्या उतमानझईचे.

पेशावर शहराबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. पश्तूनांच्या प्रांताची राजधानी म्हणजे जुन्या शहराची भाषाही पश्तो असणार, असं आपण धरून चालतो. तटबंदीच्या आतल्या जुन्या पेशावरची बोली हिंदको होती, पंजाबीच्या नात्यातली. किस्सा ख्वानी बाजाराजवळच्या गल्लीत १९२२ साली जन्मलेल्या युसूफ खानची मायबोली तीच. त्याचे वडील फळांचे व्यापारी. कुटुंब मुंबईला आलं, मुलगा नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिकला आणि पुढे दिलीप कुमार झाला. राज कपूरचा जन्मही त्याच भागातल्या हवेलीतला.

हिंदकोचा मोठा मुलूख सिंधूच्या पूर्वेला आहे, हजारा विभाग. अबोटाबाद, हरिपूर, मानसेहरा इथं हिरवे डोंगर, पाइनची जंगलं, पावसाळी हवा. वर कोहिस्तानात गेलात की भाषा पुन्हा बदलते. २०१० मध्ये १८ व्या घटनादुरुस्तीनं प्रांताचं नाव बदलून ‘खैबर पख्तुनख्वा’ झालं, म्हणजे ‘पख्तूनांची भूमी’ नावातच आली, तेव्हा हजारात संतापाची लाट उठली. अबोटाबादच्या मोर्च्यात माणसं मेली आणि वेगळ्या हजारा प्रांताची मागणी आजतागायत आहे. पश्तूनांचं म्हणणं, सिंधी लोकांना सिंध, पंजाब्यांना पंजाब, मग आम्हालाच ‘वायव्य सरहद्द’ असं दिशादर्शक नाव का? दोघांचंही म्हणणं मला मनापासून पटतं, आणि म्हणूनच तो तंटा सोपा नाही.

नावं वाचताना एक किल्ली जवळ ठेवा. पश्तोत ‘घर’ म्हणजे डोंगर. ‘स्पिन’ पांढरा, ‘तोर’ काळा. स्पिन घर म्हणजे पांढरा डोंगर, त्यालाच फारसीत सफेद कोह. २०११ साली झालेला तोरघर जिल्हा म्हणजे काळा डोंगर. त्याआधी त्याचं हिंदको नाव होतं काला ढाका, अर्थ तोच. भाषांतर करून जिल्हा केला! मोहमंद, ओरकझाई, लक्की मरवत आणि वझिरिस्तान ही नावं तिथल्या टोळ्यांवरून पडली. आणि ‘पश्तो’ की ‘पख्तो’ हा वाद नाही. एकच अक्षर कंदहारकडे ‘श’च्या जवळ आणि पेशावरकडे ‘ख’च्या जवळ उच्चारतात, म्हणून तिकडे पश्तून आणि इकडे पख्तून.

दक्षिणेकडे डोंगर कोरडे होत जातात. कोहाट विभागातला करक जिल्हा खट्टक टोळीचा, मिठाच्या खाणींचा आणि आता तेल-वायूचा. कुर्रम जिल्हा नकाशावर अफगाणिस्तानात चोच खुपसल्यासारखा दिसतो. तीन बाजूंना सरहद्द, आणि तिथल्या मुख्य गावाला, पाराचिनारला, जायचा रस्ता एकच, थलवरून. वरच्या कुर्रममध्ये तुरी टोळीचे शिया आहेत, खाली सुन्नी टोळ्या. जमीन आणि पाण्यावरून भांडण पेटलं की हा एक रस्ता बंद होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये या रस्त्यावर वाहनांच्या ताफ्यावर हल्ला होऊन ४० हून अधिक लोक मारले गेले, आणि पाराचिनार कित्येक आठवडे औषधांना मोताद राहिलं.

बन्नू विभागात कुर्रम आणि तोची नद्यांच्या पाण्यावरचं हिरवं बन्नू, शेजारी वाळूचं लक्की मरवत आणि वर उत्तर वझिरिस्तान. २०१४ च्या लष्करी मोहिमेत उत्तर वझिरिस्तानातून सुमारे १० लाख लोक खाली आले ते याच बन्नूत, कारण नदी आणि रस्ता दोन्ही इथंच उतरतात. त्याखाली डेरा इस्माईल खान: सपाट, तापणारा, सिंधूकाठचा, खजुरांचा. इथं सरायकी बोलतात. डोंगरातून अचानक लोंढ्यानं येणारं पाणी मातीचे बांध घालून शेतात वळवायचं, एकाचं शेत भरलं की बांध फोडून पुढच्याला द्यायचं, अशी ‘रोद-कोही’ नावाची जुनी पद्धत इथं आहे. कुणाचा नंबर कधी, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं.

कारभाराची उतरंड आपल्याला परकी वाटत नाही. विभागावर कमिशनर, जिल्ह्यावर डेप्युटी कमिशनर, मग तहसील, त्याखाली गावाची कौन्सिल, शहरात मोहल्ल्याची. २०१९ पासून मधली निवडून आलेली जिल्हा परिषद काढून टाकली आहे. लोकांनी निवडलेला सगळ्यात वरचा स्थानिक माणूस म्हणजे तहसीलचा चेअरमन. पण उतरंड कागदावर सारखी असली तरी पायरी गाठायला किती चालावं लागतं यात मोठा फरक आहे. ओरकझाईचं मुख्यालय वर्षानुवर्षं शेजारच्या हंगू जिल्ह्यात होतं, दक्षिण वझिरिस्तानचं टांकमध्ये. स्वतःच्या जिल्ह्याच्या कचेरीत जायला माणसाला जिल्ह्याबाहेर पडावं लागायचं. २०२२ मध्ये दक्षिण वझिरिस्तानचे दोन जिल्हे केले: वरचा मुख्यतः मेहसूद टोळीचा, खालचा वाना गावाभोवतीच्या वझीर टोळीचा.

विलीन जिल्ह्यांचे प्रश्न आता या कचेऱ्यांत येऊन साचले आहेत. राष्ट्रीय महसुलातला ३ टक्के वाटा त्यांना द्यायचं ठरत होतं, पण सगळ्या प्रांतांचं त्यावर एकमत झालं नाही. नॅशनल असेंब्लीतल्या त्यांच्या १२ जागा ६ वर आल्या. खासादार आणि लेव्ही, म्हणजे टोळ्यांतून भरलेले शिपाई, पोलिसांत घेतले. आणि कोर्ट आलं खरं, पण कोर्टात दाखवायला कागद लागतो, आणि बहुतेक ठिकाणी जमीन कधी मोजलीच गेलेली नाही. उतारा नाही, खसरा नाही. डोंगराचा हा उतार कुणाचा, हे जिरग्यात, म्हणजे टोळीच्या पंचायतीत, बसलेली म्हातारी माणसं सांगतात: त्या ओढ्यापासून त्या अक्रोडापर्यंत आमच्या आजोबांचं. पटवाऱ्याची साखळी तिथं आत्ता कुठं पोचते आहे. ती टाकायची कुठून, यावर आधी जिरगा बसतो.